शहर उभारणीच्या मोबाइल गेममधले डोंगर आणि ढग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहर उभारणीच्या गेममध्ये रस्ता उखडता येतो, घर हलवता येतं, कारखाना पाडून टाकता येतो. डोंगर मात्र बहुतेक वेळा जिथे आहे तिथेच राहतो. म्हणून शहर आखताना पहिली नजर त्याच्याकडे जायला हवी, असं माझं ठाम मत आहे. डोंगर आणि ढगांबद्दल नव्या-जुन्या खेळाडूंना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं खाली आहेत. काही प्रश्न खेळण्याबद्दलचे आहेत, काही फोनच्या आत काय चालतं त्याबद्दलचे, आणि काही निव्वळ देखाव्याबद्दलचे.

मागे दिसणारा डोंगर खरी जमीन असते की नुसतं चित्र?

गेमनुसार तीन प्रकार दिसतात. सगळ्यात हलका प्रकार म्हणजे क्षितिजावर लावलेलं चित्र. कॅमेरा कितीही पुढे न्या, हा डोंगर जवळ येत नाही. दुसऱ्या प्रकारात नकाशाच्या कडेला त्रिमितीय डोंगर उभा असतो. दोन बोटांनी नकाशा फिरवला की त्याची दुसरी बाजू दिसते, उतारावर ऊन-सावली पडते, पण त्यावर मनाला येईल तिथे बांधता येत नाही. तिसऱ्या प्रकारात जमिनीच्या प्रत्येक चौकटीला स्वतःची उंची असते आणि उंच चौकटी एकत्र आल्या की त्यांचाच डोंगर होतो. ही उंची पुष्कळदा एका करड्या रंगाच्या चित्रात साठवलेली असते. पिक्सेल जितका पांढरा, तितकी ती जागा उंच.

आपल्या गेममधला डोंगर कोणता हे ओळखायला सोपी युक्ती आहे. शिखराच्या रेषेत एक उंच इमारत धरा आणि नकाशा सावकाश फिरवत बघा. डोंगराच्या कडा, घळी, सावल्या बदलत गेल्या तर तो घडवलेला डोंगर. शिखराची आकृती तशीच्या तशी राहिली तर ते चित्र.

मग डोंगरावर बांधू का देत नाहीत?

कारण इमारतीचा तळ सपाट असतो. उतारावर ती ठेवली तर एका बाजूने जमिनीत घुसते आणि दुसऱ्या बाजूने अधांतरी राहते. ते टाळायला प्रत्येक इमारतीला जोतं द्यावं लागतं, रस्त्याला चढाचे वेगळे तुकडे लागतात, पूल आणि बोगदे लागतात. फोनवर आणखी एक अडचण येते ती बोटाची. डोंगराच्या मागे दडलेल्या चौकटीवर नेमकं टॅप करणं खेळाडूला जमत नाही आणि त्याला नेमकी कोणती चौकट हवी होती, हे गेमलाही कळत नाही.

या प्रकारच्या खेळांचा इतिहासही हेच सांगतो. १९८९ सालचा पहिला सिमसिटी थेट वरून दिसणारा आणि सपाट होता. उंच-सखल जमीन १९९३ च्या सिमसिटी २००० मध्ये आली, आणि तिच्यासोबत आयसोमेट्रिक, म्हणजे वरून तिरक्या कोनात दिसणारा देखावाही आला. हे दोन बदल एकाच वेळी आले यात नवल नाही. थेट वरून पाहिलं तर उंची दिसणारच कुठे? मोबाइलवर पुष्कळ गेम पुन्हा सपाट जमिनीकडे वळले आणि डोंगर कडेला गेले. पिक्सेल-चित्रांच्या शैलीतला थिओटाउन मात्र उंच-सखल जमीन देतो. उतारावर शहर चढवण्याची हौस असेल तर तो जरूर खेळून बघा.

नकाशाच्या कडेला नेहमी डोंगर किंवा पाणीच का असतं?

जग कुठेतरी संपवावं लागतं. सपाट जमीन मध्येच तुटलेली दिसली तर अख्ख्या शहराचा खरेपणा जातो. डोंगर ही कड झाकतो आणि त्याच्यापलीकडे काही काढायची गरजच उरत नाही. फोनवर ही बचत मोठी आहे. ठरावीक अंतरापलीकडच्या वस्तू गेम काढतच नाही. ती सीमा डोंगर आणि धुकं मिळून लपवतात.

सिमसिटी बिल्डइटमध्ये डोंगराकडची जमीन कशी उघडायची?

२०१४ च्या अखेरीस आलेल्या या गेममध्ये मुख्य शहराच्या एका बाजूला समुद्रकिनारा आहे आणि एका बाजूला डोंगर. साधी जमीन वाढवायला डोझरचे सुटे भाग लागतात. डोंगराच्या कडेचे तुकडे उघडायला स्नोबोर्ड, होकायंत्र आणि हिवाळी टोपी या तीन वस्तू लागतात. किनाऱ्यासाठीच्या तीन वस्तू पुन्हा वेगळ्या आहेत.

या वस्तू कारखान्यात बनत नाहीत. इमारतींवर येणारे बुडबुडे टॅप करत राहणं आणि इतर खेळाडू बाजारात विकायला ठेवतात त्या विकत घेणं, हे दोन नेहमीचे मार्ग. पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा महाग पडत जातो. खरी अडचण गोदामाची होते, कारण या वस्तू तिथली जागा अडवतात आणि तिघींपैकी एखादी नेमकी कमी पडते. माझा सल्ला असा की तिन्ही वस्तू समान ठेवा. एक जास्त झाली की ती विका आणि त्या पैशांत कमी असलेली घ्या. डोंगर आणि किनारा दोन्हीसाठी एकदम साठवायला गेलात तर दोन्हीकडचं काम अडून बसतं.

तिथे पायथ्याशी कारखाने ठेवावेत का? कडेला प्रदूषण वाया जातं म्हणतात.

कडेला कारखाना ठेवला की त्याच्या प्रदूषणाचा बराच घेर नकाशाबाहेर पडतो, हे खरं. पण डोंगराची कड त्यासाठी वापरू नका. डोंगराच्या खास इमारती आसपासच्या घरांची लोकसंख्या वाढवतात, आणि त्या तिथेच उभ्या राहतात. त्यांच्याही प्रभावक्षेत्राचा डोंगराकडचा भाग रिकामाच जातो, म्हणून उरलेल्या भागात शक्य तितकी घरं बसवावी लागतात. कारखान्यांना दुसरी कोणतीही मोकळी कड चालते. घरांना ही कड हवी आहे. शिवाय धूर सोडणाऱ्या चिमण्यांमागे शिखर झाकून टाकावंसं कुणाला वाटेल?

न उघडलेल्या भागावर ढग का पसरलेले असतात?

ही पद्धत रणनीतीच्या खेळांतून आली. तिथे न पाहिलेला प्रदेश काळा किंवा धूसर ठेवतात, म्हणजे शत्रूच्या हालचाली दिसत नाहीत. शहराच्या गेममध्ये शत्रू नसतो, म्हणून काळ्या अंधाराची जागा पांढऱ्या ढगांनी घेतली. काम बरचसं तेच, भाव मात्र वेगळा. काळोख धोका सुचवतो आणि ढग कुतूहल जागं करतात. ढगातून वर आलेलं एखादं शिखर किंवा दिव्याचा मनोरा दिसला की तिथे पोहोचावंसं वाटतं. ज्या गेममध्ये ढगांचा थर सपाट न ठेवता अधूनमधून विरळ ठेवलेला असतो, तो बनवणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार केलेला असतो.

फोनच्या बाजूनेही सोय होते. ढगाखालची झाडं, प्राणी, पाण्याच्या लाटा काढायची गरज नसते, त्यामुळे सुरुवातीचा भार कमी राहतो.

खेळाडूने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट : ढगाच्या कडेपर्यंत पक्की वस्ती नेऊ नका. पुढच्या तुकड्यात नदी निघेल की कडा, हे अजून माहीत नसतं. रस्त्याचं तोंड तिकडे मोकळं ठेवा आणि मधल्या पट्ट्यात सहज हलवता येतील अशा बागा ठेवा.

झूम आउट केलं की ढग दिसतात आणि जवळ गेलं की नाहीसे होतात. हा बिघाड आहे का?

नाही. ढगांचा थर कॅमेरा आणि शहर यांच्या मध्ये असतो. कॅमेरा खाली येताना ढग पारदर्शक होत जातात, नाहीतर ऐन बांधकामात ते बोटाखाली आले असते. वर जाताना ते पुन्हा उमटतात आणि आपण खूप उंचावर आहोत असं वाटायला लावतात. याच क्षणी गेम आणखी एक काम उरकतो. जवळून पाहण्यासाठीच्या बारीक नक्षीच्या इमारती काढून त्या जागी साध्या, कमी त्रिकोणांच्या आवृत्त्या बसवतो (गेममधली प्रत्येक त्रिमितीय वस्तू छोटे त्रिकोण जोडून बनवलेली असते). समोरून ढग सरकत असताना ही अदलाबदल डोळ्यांना जाणवत नाही.

हे ढग बनवतात कसे?

बहुतेक मोबाइल गेममध्ये ढग म्हणजे कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवलेले सपाट, अर्धपारदर्शक तुकडे असतात. चार-पाच वेगवेगळी चित्रं, थोडी फिरवून, लहान-मोठी करून, एकावर एक ठेवली की पुंजका तयार होतो. ढगांचा विस्कटलेला पोत पुष्कळदा गणिती गोंधळातून, म्हणजे सूत्राने काढलेल्या अनियमित नक्षीतून, काढला जातो. केन पर्लिन यांनी १९८५ साली मांडलेली पद्धत आजही या कामाचा पाया आहे; तिच्यासाठी त्यांना १९९७ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तीच पद्धत वेगवेगळ्या प्रमाणांत थर देऊन वापरली की तिच्यातून डोंगररांगाही निघतात. म्हणजे अनेक गेममध्ये डोंगर आणि ढग एकाच गणिताची लेकरं असतात.

संगणक आणि कन्सोलवरच्या मोठ्या गेममध्ये ढगाच्या आतून प्रकाशकिरण टप्प्याटप्प्याने मोजत नेण्याची पद्धत वापरतात. त्या ढगांना खरं आकारमान असतं, सूर्याकडची कड उजळते आणि पोट काळवंडतं. बहुतेक फोनसाठी ती फार जड आहे.

स्वस्तात मिळणारी एक सुंदर गोष्ट म्हणजे ढगांची सावली. जमिनीवर एक करडं चित्र सावकाश सरकवत ठेवलं की वर ढग न काढताही ढग असल्याचा भास होतो. माझ्या मते कुठल्याही गेममध्ये पहिल्यांदा हेच असायला हवं. सावली छपरांवरून सरकत जाऊन डोंगरावर चढते तेव्हा शहर आणि डोंगर एकाच हवेत आहेत असं वाटतं. शंभर नव्या सजावटींनी ते साधत नाही.

ढग चालू असले की फोन तापतो आणि गेम अडखळतो. ढग बंद करावेत का?

आधी कारण बघू. भिंतीमागची भिंत दिसत नाही, त्यामुळे फोनचा ग्राफिक्स चिप ती काढायचं टाळू शकतो. अर्धपारदर्शक ढगाला ही सवलत नाही. त्याच्यामागचं सगळं आधी काढावं लागतं आणि मग त्यावर ढगाचा रंग मिसळावा लागतो. सहा ढग एकमेकांवर आले तर त्या जागचा प्रत्येक पिक्सेल सहा वेळा जास्तीचा रंगवला जातो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात हे सगळं बसवायचं असतं. चिप तापला की फोन स्वतःच त्याचा वेग कमी करतो. म्हणून गेम सुरुवातीला छान चालतो आणि थोड्या वेळाने रखडायला लागतो.

तरीही ढग सगळ्यात शेवटी बंद करा. आधी फ्रेमची मर्यादा ३० वर आणा. हा नेमबाजीचा किंवा शर्यतीचा खेळ नाही. इथे इमारती जागच्या जागी असतात आणि नकाशा आपण सावकाश सरकवतो, त्यामुळे ३० फ्रेममध्ये काही बिघडत नाही आणि चिपचं काम जवळजवळ निम्मं होतं. त्यानंतर इमारतींच्या सावल्यांचा दर्जा एक पायरी खाली घ्या. मग रिझोल्यूशन. एवढ्यानंतरही फोन तापत असेल तर ढग कमी करा. चार्जिंगला लावून खेळणं टाळलं आणि जाड कव्हर काढलं तरी फरक जाणवतो.

दूरचे डोंगर निळसर, फिकट दिसतात. ग्राफिक्स खराब झालंय का?

ते मुद्दाम केलेलं असतं आणि बरोबर आहे. हवेतले रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा पुष्कळ जास्त विखुरतात. डोंगर जितका लांब, तितकी मधली हवा जास्त आणि तितका तिचा निळा प्रकाश त्या डोंगरावर चढतो. चित्रकार अंतर दाखवायला हे शतकानुशतकं वापरत आले आहेत. गेममध्ये अंतरानुसार प्रत्येक वस्तूच्या रंगात थोडा आकाशाचा रंग मिसळला की काम होतं.

आयसोमेट्रिक गेममध्ये तर याला पर्याय नाही. तिथे लांबची वस्तू लहान होत नाही. समोरचं घर आणि नकाशाच्या टोकाचं घर सारख्याच आकाराचं असतं. अशा जगात डोंगर लांब आहे हे सांगायला फिका रंग आणि मधून जाणारा ढगाचा पट्टा एवढंच हाती उरतं. ग्राफिक्सचा दर्जा अगदी कमी केल्यावर काही गेम हे धुकं काढून टाकतात. मग डोंगर अचानक जवळ आल्यासारखा आणि छोटा वाटू लागतो. तुमच्याकडे तसं झालं असेल तर धुक्याचं सेटिंग वेगळं आहे का ते शोधा.

बर्फ, झाडं, ढग हे सगळं डोंगरावर कुठे असावं? सजावट करताना खरं वाटायला हवं.

वर जाताना हवा दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने थंड होते. पायथ्याशी घनदाट झाडी, मग विरळ झुडपं, मग उघडा खडक आणि माथ्यावर बर्फ हा क्रम त्यातूनच येतो. झाडं हाताने लावता येत असतील तर पायथ्याला दाट लावा आणि वर जाताना विरळ करत न्या. सारख्या अंतरावर लावलेली झाडं डोंगराला शेतासारखं करून टाकतात. घळींमध्ये पाणी साचतं, म्हणून तिथे झाडी जास्त आणि कण्यावर कमी.

ढगांचंही कारण आहे. वारा डोंगराला अडला की हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातली वाफ थेंब बनून दिसू लागते. म्हणून ढग वाऱ्याकडच्या बाजूला दाटतात, पाऊस तिथेच जास्त पडतो आणि पलीकडची बाजू कोरडी राहते. गेममधले ढग कोणत्या बाजूकडून येतात ते पाहा आणि डोंगराच्या त्या बाजूला हिरवळ, तर उलट बाजूला खडक आणि कोरडं गवत ठेवा. नेमकं काय केलंय हे पाहणाऱ्याला सांगता येणार नाही, पण जागा पटेल.

डोंगर दिसत राहावा म्हणून शहर कसं मांडावं?

माझ्या दृष्टीने या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

पहिली गोष्ट, कॅमेरा बहुधा एकाच बाजूने आणि वरून बघत असतो. त्यामुळे स्क्रीनवर खाली असलेली उंच इमारत तिच्या वरच्या बाजूचं झाकते. डोंगर स्क्रीनच्या वरच्या कडेला असेल आणि तुम्ही त्याला खेटून मनोऱ्यांची भिंत उभी केलीत, तर डोंगराचा पायथा जातो आणि नुसती टोकं उरतात. पायथा दिसत नसलेला डोंगर उंच वाटत नाही. म्हणून मनोरे शहराच्या मध्यात घ्या, तिथून डोंगराकडे जाताना उंची उतरवत न्या आणि शेवटचा पट्टा बैठी घरं, बाग, तळं किंवा जंगलाचा ठेवा. मधली ही दरी मोकळी राहिली की मनोरे आणि डोंगर दोघंही उंच दिसतात.

दुसरं, सगळ्यात उंच मनोरा सगळ्यात उंच शिखरासमोर कधीही ठेवू नका. दोघांपैकी एक हरतो. दोन शिखरांमधली खिंड शोधा आणि मनोरा तिथे ठेवा.

तिसरं, एक तरी मोठा रस्ता शिखराच्या दिशेने जाऊ द्या. त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या इमारती आणि झाडांची रांग असेल तर नजर आपोआप डोंगरापर्यंत जाते. आयसोमेट्रिक नकाशात रस्ते तिरके दिसतात. चौकटीची रुंदी उंचीच्या दुप्पट असते, त्यामुळे रस्त्याची रेषा स्क्रीनवर साधारण २६.६ अंशांनी चढते. ही रेषा पुढे वाढवल्यावर कोणत्या शिखराला लागते ते आधीच पट्टी धरून बघा. रस्ता एक-दोन चौकटी सरकवला की हवं ते शिखर सापडतं.

जमीन आणि डोंगर यांची सांधरेषा झाकायला मात्र विसरू नका. सपाट चौकटी जिथे संपतात तिथे बहुतेक गेममध्ये एक कोरी, सरळ कड दिसते. तिथे झाडं वेडीवाकडी लावा आणि एखादी पायवाट तिथपर्यंत नेऊन सोडा.

गेममध्ये फिरून खालून डोंगर बघता येतो का?

काही गेममध्ये येतो. २०२३ साली आलेल्या पॉकेट सिटी २ मध्ये आपल्या पात्राला घेऊन स्वतःच वसवलेल्या शहरातून चालता येतं. वरून नीटनेटकी वाटलेली मांडणी रस्त्यावरून कशी दिसते हे तिथे लगेच कळतं. आखणी शिकायची असेल तर हा अनुभव फार मोलाचा आहे.

शहराचा स्क्रीनशॉट सपाट येतो. काय करावं?

गेममध्ये दिवसाची वेळ बदलता येत असेल तर दुपार टाळा. सूर्य डोक्यावर असताना उतारांवर सावली पडत नाही आणि डोंगराचा उठाव नाहीसा होतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरकं ऊन असतं, तेव्हा प्रत्येक कंगोरा दिसतो. कॅमेरा क्षितिजाकडे जितका झुकवता येईल तितका झुकवा, फोन आडवा धरा आणि आकाशाला चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा द्या. ढग सरकत असतील तर थोडं थांबा. अर्धं शहर सावलीत आणि अर्धं उन्हात आलं की टिपा. बटणं लपवणारा फोटोचा पर्याय आहे का ते सेटिंगमध्ये पाहा, कारण कोपऱ्यातले पैशांचे आकडे सगळी नजर ओढून घेतात.

अपडेटनंतर डोंगर धुरकट, ठोकळेबाज दिसू लागले. परत कसे करावेत?

अनेक गेम अपडेटनंतर ग्राफिक्सचा दर्जा पुन्हा आपोआप ठरवतात, तेव्हा आधी तो तपासा. तो ठीक असेल तर जादा फाइल डाउनलोड व्हायच्या राहिल्या असतील. वाय-फायवर गेम थोडा वेळ उघडा ठेवा आणि फोनमध्ये पुरेशी जागा आहे ना ते पाहा. गेम काढून पुन्हा टाकायची वेळ आलीच तर शहर खात्याशी जोडलेलं आहे याची आधी खात्री करून घ्या. तसं नसेल तर शहर कायमचं जाऊ शकतं.